टर्बोची दोन मिनिटं

या, असे जवळ सरका. लांब बसलात तरी ऐकू येईल तुम्हाला, पण मला तुमचे चेहरे दिसणार नाहीत. आणि कीर्तनकाराच्या मागे पेटी घेऊन बसणाऱ्या माणसाला समोरचे चेहरे बघितल्याशिवाय सूर सापडत नाही. कीर्तनाला अजून अवकाश आहे, समयांत तेल घालायचं चाललंय. तोवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट आहे दोन मिनिटांची. सांगायला थोडी जास्त लागतील.

"बॉनेट उघडू नका. आधी ऐका."

कोल्हापुरात, एका पत्र्याच्या शेडखाली, रंगराव इंगवले मला असं म्हणाले त्याला आता सोळा वर्षं झाली. रंगराव साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. अंगात पांढरा सदरा, नखांत कितीही धुतलं तरी न जाणारं काळं. शेडमध्ये त्यांची पांढरी गाडी उभी होती. टर्बो डिझेल, सहा वर्षं वापरलेली. शेजारी बाकड्यावर आमचे अच्युतबुवा लोवलेकर पाठ ताठ धरून, डोळे मिटून बसले होते.

बुवांच्या पाठीमुळेच तर आम्ही देवरुखहून तिथवर आलो होतो. चाळीस वर्षं एसटीच्या मागच्या बाकावरून त्यांनी कोकणभर कीर्तनं केली. त्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, "मणके झिजलेत. यापुढे एसटीचे धक्के बंद. नाहीतर उभं राहणं बंद होईल." कीर्तनकाराचं उभं राहणं बंद, म्हणजे कीर्तन बंद. बुवांनी उत्सवांची आमंत्रणं परत करायला घेतली तेव्हा मी म्हटलं, बुवा, गाडी घेऊ. मी पूर्वी भातगिरणीचा टेम्पो चालवायचो. तुम्ही मागे बसा, मी चालवतो, पेटी डिकीत.

रंगरावांनी चावी फिरवली. मी मान तिरकी करून ऐकत राहिलो. खाली खर्जात इंजिन, आणि त्याच्यावर रेस दिली की बारीक शिट्टी.

"काय ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"शिट्टी. काळी चारच्या आसपास."

"काळी चार म्हंजे?"

"पेटीतली पट्टी. आमचे बुवा काळी दोनला गातात."

रंगराव माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तिघं येऊन गेले ओ तुमच्याआधी. तिघांनी टायरला लाथ मारली, किती पळते विचारलं. कुणी ऐकलं न्हाई. तुम्हाला देतो."

"पण विकताय का तुम्ही?"

"डोळं. रात्री समोरचा दिवा फुटल्यागत दिसतोय. पोरगं म्हणतंय, आप्पा, तुम्ही कुणाला तरी ठोकाल." त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. "आता नीट ऐका. घाट चढून आला, लांबून पळवत आला, की थांबल्या थांबल्या चावी फिरवायची न्हाई. दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. आत टर्बो लालबुंद झालेला असतो, मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. इंजिन बंद केलं की त्याला जाणारं तेल बंद. मग हाय ते तेल तिथंच जळतं आणि बेअरिंग खातं. दोन मिनिटं. तेवढी दिलीसा तर ही गाडी तुमच्या बुवांस्नी जन्मभर नेईल."

"देतो," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

बुवा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, नामस्मरण चाललंय.

देवरुखला परत आल्यावर नंदू शेट्ये कागद घेऊन घरी आला. नंदू विम्याचा एजंट. चांगला माणूस, फक्त कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. गाडी बुवांच्या नावावर, म्हणून विमाही चौदा दिवसांच्या आत बुवांच्या नावावर करायचा होता. नंदू एकेक रकाना भरत होता.

"जुन्या मालकानं सहा वर्षांत एकदाही क्लेम केलेला नाही," तो म्हणाला. "त्यामुळे त्यांना हप्त्यात मोठी सवलत होती. पण ती तुम्हाला मिळायची नाही, बुवा. ती सवलत माणसाची असते, गाडीची नसते. ती त्यांच्याबरोबर गेली."

बुवांना हे फार आवडलं. "म्हणजे पुण्यच की रे. जाणाऱ्याबरोबर जातं. आमचं खातं कोरं."

"कोरं," नंदू म्हणाला. "पहिल्यापासून जमवायचं."

पुढे महिनाभर बुवांनी प्रत्येक कीर्तनाच्या पूर्वरंगात हा दाखला दिला. लोक हसायचे आणि मान डोलवायचे.

आता माझी चूक सांगतो.

पहिलंच कीर्तन एका टेकडीवरच्या देवळात, दुपारी चारला. मी चढ चढून अंगणात गाडी लावली आणि शब्दाप्रमाणे इंजिन चालू ठेवलं. अंगणात माणसं बसलेली. बुवांनी मागून माझ्या खांद्यावर उपरण्याचं टोक मारलं.

"बंद कर ते. देवाच्या दारात घरघर नको."

"बुवा, दोन मिनिटं..."

"मुकुंदा."

एवढंच म्हणाले. बुवांनी नुसतं 'मुकुंदा' म्हटलं की माझी बोटं पेटीवर आपोआप पट्टी बदलायची. तिथेही बोटं आपोआप चावीकडे गेली. इंजिन थांबलं, अंगण एकदम शांत झालं, सगळ्या माना वळल्या, आणि त्या शांततेत बुवा काठी टेकत उतरले. फार देखणं दिसलं ते. मलाही वाटलं, बरोबरच आहे, देवाच्या दारात यंत्र कशाला गुरगुरायला हवं.

मग तीच रीत पडली. रत्नागिरी, लांजा, राजापूर, खाली साखरप्यापासून वर घाटमाथ्यापर्यंत, आठ महिने. चढ चढायचा, दारात पोचायचं, चावी फिरवायची. दर वेळी मला रंगराव आठवायचे आणि दर वेळी मी तोंड बंद ठेवायचो. बुवांना उलट बोलणं मला कधी आलंच नाही. चौदाव्या वर्षी वडील गेले तेव्हा त्यांनीच मला पेटीपुढे बसवलं होतं.

माघात शिट्टी उतरली. आधी अर्ध्या सुरानं, मग पुरती बेसूर झाली. तबल्याचा बापू म्हणाला, गाडीला सर्दी झाली. मी हसलो नाही. फाल्गुनात देवघळीहून परत येताना चढावर जोर गेला, मागे निळा धूर निघाला आणि आतून पत्रा घासल्यासारखा आवाज आला. उरलेला रस्ता ट्रॅक्टरनं ओढत आणली.

गॅरेजवाल्यानं सांगितलं, टर्बो गेला. नवा घालायचा तर जो आकडा सांगितला, तो बुवांच्या आणि माझ्या मिळून वर्षभराच्या बिदागीत बसला नसता.

आणि रामनवमी बारा दिवसांवर आली होती. देवघळीच्या राममंदिरात जन्माचं कीर्तन बुवा एकतीस वर्षं करत होते, एकही वर्ष खंड नाही. रस्ता असा, की एसटी अर्ध्यातच थांबते आणि पुढे तीन मैल चढ. भाड्याची जीप करू म्हटलं तर जीपचे धक्केही डॉक्टरांनी आधीच बंद केले होते.

मी नंदूकडे गेलो. त्यानं पॉलिसी उलटसुलट केली.

"झिजून गेलेल्या भागाला विमा नसतो, मुकुंदराव. अपघातच लागतो." मग खाली बघत म्हणाला, "समजा, खाली दगड लागला. तेलाचं चेंबर चेपलं, तेल गळलं, आणि त्यामुळे टर्बो कोरडा पडून गेला. तर तो अपघात झाला."

"दगड लागलेला नाही."

"मी कुठं म्हटलं लागलाय म्हणून. मी म्हटलं, समजा."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला जेवायला घरी गेला होता तेव्हा मी हातोडी घेऊन गाडीखाली शिरलो. दोन घाव घातले. तिसरा घालवला नाही. क्लेमच्या कागदावर नंदूनं हकीकत लिहिली. सही बुवांची लागत होती. बुवा आंघोळीहून येऊन गंध लावत होते. मी कागद पुढे केला.

"कसला रे?"

"विम्याचा, बुवा. गाडीसाठी."

त्यांनी चष्माही न शोधता सही केली. माझ्यावर त्यांचा इतका भरवसा होता.

तुम्ही म्हणाल, पैशासाठी केलंस. तसंच समजा हवं तर. मी तेव्हा स्वतःलाही तेच सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीहून कंपनीचे सर्व्हेअर आले. मुकादम साहेब. पन्नाशीचे, कडक इस्त्री, हातात बॅटरी. गॅरेजच्या ओसरीवर बुवांना खुर्ची दिली होती. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून त्यांनी हजर राहायला हवं होतं. मुकादम साहेबांनी खाली सतरंजी अंथरली आणि इस्त्रीसकट गाडीखाली गेले. बराच वेळ आतून बॅटरी हलताना दिसत होती. बाहेर आले, हात पुसले.

"दगड कुठे लागला?" त्यांनी मला विचारलं.

"देवघळीच्या चढावर. दुसऱ्या वळणावर."

"केव्हा?"

"तीन आठवडे झाले."

चेंबरवरचे माझे घाव अजून चांदीसारखे चकाकत होते. ट्रॅक्टरमागून आलेल्या आणि तीन आठवडे धूळ खात पडलेल्या गाडीखाली दोनच जागा स्वच्छ. त्यांना ते दिसलं होतं आणि दिसलंय हे मला कळलं होतं. त्यांनी कागद काढला आणि बुवांकडे वळले.

"बुवा, मला नियमाप्रमाणे विचारावं लागतं. ही सही आपली?"

"माझीच."

"मजकूर वाचून दाखवतो. 'गाडी चढावर असताना खालून मोठा दगड लागून तेलाचे चेंबर चेपले, तेल गळून गेले व त्यामुळे टर्बो निकामी झाला. वरील हकीकत माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' बरोबर?"

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या चाकाकडे. नंदू नळावर पाणी प्यायला गेला तो तिथंच राहिला.

"मुकुंदा," बुवा म्हणाले, "हे मी लिहून दिलं?"

"बुवा, ते... दगडाचं मला वाटलं..."

"दगडाचं राहू दे. टर्बो कशानं गेला?"

तोंडातून खरं निघालं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, इंजिन लगेच बंद का करत होतास; आणि त्याचं उत्तर त्या ओसरीवर, परक्या माणसासमोर मला द्यायचं नव्हतं. बुवांच्या शब्दानं बुवांची गाडी गेली, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकवण्यापेक्षा मी हातोडी धरली होती.

बुवा काठीवर भार देऊन उठले. मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी घेतला नाही.

"साहेब, दगड लागलेला नाही. लागला असता तर मला कळलं असतं, माझी पाठच तशी आहे. टर्बो मी घालवला. चढ चढून आलो की दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं असतं. ज्यांनी गाडी विकली त्यांनी सांगितलं होतं. मी ठेवू दिलं नाही."

"बुवा, तुम्ही तेव्हा..." मी म्हणालो.

"डोळे मिटले होते रे. कान उघडे होते. कीर्तनकाराचे कान कधी मिटतात का?" ते मुकादम साहेबांकडेच बघत बोलत राहिले. "मी याला सांगितलं, देवाच्या दारात घरघर नको. खरं सांगू? गाडी बंद झाली की अंगण गप्प होतं. सगळे वळून बघतात. त्या शांततेत मी उतरतो. चाळीस वर्षं एसटीच्या फाट्यापासून धुळीतून चालत गेलो, मला तसं कुणी कधी उतरताना बघितलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं. ती शांतता देवाची नव्हती, साहेब. माझी होती. हा पोरगा ती झाकायला खोटं बोलतोय. त्याचं खोटं माझ्या नावावर लिहा, सही माझीच आहे."

मी रडत होतो की काय ते आठवत नाही, रडत असेन.

मुकादम साहेबांनी कागदाची घडी केली. "बुवा, आपण हा क्लेम मागे घेताय, असं एका ओळीत लिहून द्या. मग मला काही लिहायला नको. माझं काम संपलं." सतरंजी झटकताना ते मला हळूच म्हणाले, "तुमचा हात हातोडीचा नाही. पुन्हा धरू नका."

संध्याकाळी घरी दिवा लागल्यावर बुवांनी मला हाक मारली.

"कोल्हापूरला फोन लाव."

"काय सांगू त्यांना?"

"शब्द मोडला ते सांग. तू नाही, आपण दोघांनी."

मी फोन लावला. रंगरावांना सगळं सांगितलं, हातोडीसकट.

"शिट्टी उतरली तवा कळलं न्हाई तुम्हास्नी?" त्यांनी विचारलं. "काळी चारवाल्यास्नी?"

"कळलं होतं."

"हं." मग, "रामनवमी कवा हाय म्हणालासा?"

चौथ्या दिवशी रंगराव एसटीनं आंबा घाट उतरून देवरुखला आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या धोतरात गुंडाळलेला टर्बो. याच जातीची एक गाडी भंगारात गेली होती, तिचा त्यांनी कधीकाळी काढून, धुऊन, तेलात ठेवला होता. "कधी तरी हिला लागंल म्हणून," म्हणाले. गाडी विकली तेव्हा तो द्यायचं जिवावर आलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

डोळ्यांना बारीक दिसत नव्हतं. गॅरेजवाला पान्यानं खोलायचा आणि रंगराव बोटांनी चाचपून सांगायचे, हा सैल हाय, ह्यो ठीक, इथं पुसा. माझ्या घावांपाशी बोटं आली तेव्हा क्षणभर थांबली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चावी फिरवली आणि मला म्हणाले, "ऐका."

काळी चार. किंचित वर.

"काय देऊ?" बुवांनी विचारलं.

"कीर्तन ऐकवा. आणि माझी दोन मिनिटं."

रामनवमीला सकाळी आम्ही देवघळीचा चढ चढलो. पुढे माझ्या शेजारी रंगराव, मागे बुवा आणि बापू. अंगणात माणसं दाटलेली, पाळणा सजवलेला. गाडी उभी केली. माझी बोटं सवयीनं चावीकडे गेली आणि थांबली. इंजिन चालू राहिलं. माणसं वळून बघायला लागली, मग कुजबुजायला लागली: बुवा उतरत का नाहीत, पाठ धरली की काय. पुजारी धावत आले. बुवांनी काच खाली केली.

"येतो हो. दोन मिनिटं. हिचा श्वास खाली बसू दे."

मग डोळे मिटले आणि हात जोडले. पुढे रंगरावांनीही. मी आरशात बघत होतो. बुवांचे ओठ हलत होते. दोन मिनिटं संपली, मी चावी फिरवली, आणि या वेळी कुणी वळून बघितलं नाही. लोक आपापसांत बोलण्यात गुंतले होते. त्या गलक्यातूनच बुवा काठी टेकत देवापुढे गेले. जन्माचा गुलाल उधळला तेव्हा मी पेटीवरून मान वर केली. रंगराव खांबाला टेकून बसले होते, डोळ्यांत गुलाल गेला म्हणून पुसत होते, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

वर्ष भरलं तेव्हा नंदू नव्या हप्त्याचा कागद घेऊन आला. क्लेम मागे घेतला होता, म्हणजे वर्षभरात क्लेम झालाच नव्हता. सवलत लागली होती. "बुवा," तो ओशाळून हसत म्हणाला, "पुण्य जमा व्हायला लागलं."

"त्यात थोडं त्या मुकादम साहेबांचंही आहे," बुवा म्हणाले. "त्यांना एक नारळ पोचव."

पुढे दहा वर्षं बुवा त्याच गाडीतून फिरले. गावोगावी तिची घरघर ओळखीची झाली. पोरं म्हणायची, बुवा आले, अजून दोन मिनिटं आहेत, पाणी पिऊन घ्या. रंगराव त्यातल्या चौथ्या वर्षी गेले. आम्हाला कळलं महिन्यानं. बुवांनी त्या दिवशी दारात गाडी उभी केल्यावर दोनाची चार मिनिटं केली.

शेवटी शेवटी मी एकदा धीर करून विचारलं, बुवा, तुम्ही या दोन मिनिटांत कुठलं नाम घेता? ते हसले. म्हणाले, "देवाचं आत जाऊन घ्यायचंच असतं रे. दारात मी कोल्हापूरवाल्यांचं घेतो. त्यांनी तेलात जपलेला टर्बो दिला म्हणून तर दारापर्यंत येतो."

बुवा जाऊन आता पाच वर्षं झाली. गाडी मी विकली नाही. बाहेर पिंपळाखाली उभी आहे ती तीच. समया लागल्या वाटतं. मला आत पेटीपाशी जायला हवं. तुमच्यापैकी कुणी आज चढ चढून आपली गाडी घेऊन आला असाल आणि परतताना लांबवर पळवून घराच्या दारात थांबाल, तर चावी लगेच फिरवू नका. दोन मिनिटं बसून राहा. आणि बसलाच आहात तर रंगराव इंगवले यांची एकदा आठवण काढा. कोल्हापूरचे, साखर कारखान्यातले फिटर. तुम्ही त्यांना बघितलेलं नाही, पण तेवढ्यानं काही अडत नाही.